मागणाऱ्या हातांचे शिक्षण

शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींनी एखाद्या सत्कार्यासाठी निधी गोळा करावा, ही गोष्ट आपल्याकडे नित्याची झाली आहे. दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन येतो आणि १९४९ पासून चालत आलेल्या प्रथेप्रमाणे सैनिकांच्या व माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी चिमुकले ध्वज घेऊन विद्यार्थी लोकांपुढे उभे राहतात. भूकंप होतो, महापूर येतो, आणि दुसऱ्या दिवशी गणवेशातली मुले डबा घेऊन बाजारपेठेत दिसू लागतात. प्रायश्चित्तकाळात आपल्या धर्मग्रामांतील मुले खाऊचे पैसे बाजूला ठेवतात. एखाद्या अनाथालयाच्या किंवा वृद्धाश्रमाच्या मदतीसाठी आनंदमेळा भरतो, त्यात मुली भेळेचे दुकान मांडतात आणि मुले तिकिटे विकतात. उपक्रम संपला की छोटा समारंभ होतो, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि कोणी ना कोणी वक्ते म्हणतात की, या कामातून विद्यार्थ्यांना जीवनाचे धडे मिळाले.

हे म्हणणे खोटे नाही. परंतु त्याच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे व त्याचा विचार आपण सहसा करीत नाही. निधी गोळा केला तो पूरग्रस्तांसाठी, अनाथांसाठी, रुग्णांसाठी. मग लाभाचा हिशेब मांडताना आपण आपल्या मुलांच्या व्यक्तिमत्त्वविकासाचा आकडा का मांडतो? दुसऱ्याचे दुःख हे आमच्या मुलांचे पाठ्यपुस्तक आहे काय? आणि तसे ते असेल, तर दुःखिताला साधन करून स्वतःचे कल्याण साधण्याचा दोष आपल्याला लागत नाही काय? या प्रश्नाचा थोडा विचार वाचकांबरोबर करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विचारासाठी आम्ही डोळ्यांपुढे धरले आहे ते सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील आष्टा हे गाव. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या सुपीक पट्ट्यात ते वसले आहे. भोवती उसाचे मळे, हळदीची शेते; गावात शाळा, महाविद्यालये आणि वर्दळीची पेठ. या भागात आपल्या धर्मबांधवांची घरे थोडी. म्हणजे येथील एखादा ख्रिस्ती विद्यार्थी डबा घेऊन निघाला, तर तो ज्या दारांवर थाप मारील त्यांतली बहुतेक दारे हिंदू, जैन, लिंगायत, मुसलमान शेजाऱ्यांची असणार. ही परिस्थिती आम्हांला महत्त्वाची वाटते. ती का, ते पुढे ओघाने येईलच.

मागण्याचे प्रकार

मुलाने मागायला जावे हे पुष्कळ पालकांना आवडत नाही. "आम्ही कधी कुणापुढे हात पसरला नाही, आमच्या मुलाने का पसरावा?" असे ते म्हणतात. या बोलण्यात स्वाभिमान आहे, आणि कष्टाने वर आलेल्या घरांतला हा स्वाभिमान आदरणीय आहे. पण आपली मराठी भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. मागण्याच्या निरनिराळ्या प्रकारांसाठी तिने निरनिराळे शब्द ठेवले आहेत. स्वतःच्या पोटासाठी, नाइलाजाने मागावी ती भीक. अहंकार गळावा म्हणून व्रतस्थाने मागावी ती भिक्षा. सर्वांच्या कामासाठी ज्याने त्याने आपला वाटा द्यावा ती वर्गणी. आपखुशीने हात सैल सोडून द्यावी ती देणगी. आणि नाही म्हणण्याची सोय ठेवलेली नसते ती खंडणी, मग तिच्या पावतीवर कोणत्याही देवाचे चित्र छापलेले असो.

निधी गोळा करणारा विद्यार्थी या शब्दांतला फरक कोशातून शिकत नाही. तो उंबऱ्यावर शिकतो. दुकानदाराच्या कपाळावर आठी पडली की त्याला कळते, आपले मागणे खंडणीकडे झुकू लागले आहे. एखाद्या म्हाताऱ्या आजीने "थांब रे बाळा" म्हणून डबीतून नाणे काढले की त्याला कळते, आपण स्वतःसाठी मागत नाही म्हणूनच हिच्यापुढे उभे राहण्याचा आपल्याला अधिकार आहे. दुसऱ्यासाठी मागताना मान खाली घालावी लागत नाही. पण ती ताठ ठेवूनही चालत नाही.

या परिसराला हा धडा नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. त्यांच्या घराण्याचे गाव ऐतवडे बुद्रुक. तेही आष्ट्याच्याच वाळवा तालुक्यातले. आष्ट्यापासून जवळ असलेल्या दुधगाव येथे, रयत शिक्षण संस्थेचा जन्म होण्याच्या आधीच, भाऊरावांनी आपल्या सहकाऱ्यांसह सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढला होता. पुढे १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली तिचे कार्य साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहाला १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. या वसतिगृहांचा संसार मोठ्या देणग्यांवर उभा नव्हता. घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा करावे, मुलांनी स्वतः श्रम करावेत आणि एका पंक्तीत बसून जेवावे, अशी ती रीत होती. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, आणि अखेर मंगळसूत्रही, मुलांच्या जेवणासाठी दिले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

मूठभर धान्याच्या या रीतीत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या व्यवस्थेत देणारा मोठा आणि घेणारा लहान अशी उतरंड नव्हती. मूठ देणारी बाई स्वतः गरीब असे, आणि ते धान्य खाणारा मुलगा उद्या शिक्षक होऊन आणखी कुणाला तरी वर काढणार असे. मिळालेल्या मुठीची जाणीव त्याला आयुष्यभर पुरे. आजचा जो विद्यार्थी सुखवस्तू घरातून डबा घेऊन निघतो, त्याला मुळात हीच जाणीव नसते. आपली शाळा, आपले रुग्णालय, आपले चर्चदेखील कुणाच्या तरी मुठींतून उभे राहिलेले आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते. म्हणून निधी गोळा करायला पाठवण्यापूर्वी मुलांना एवढे तरी सांगावे, की तुम्ही उपकार करायला निघालेला नाहीत. जुने देणे फेडायला निघाला आहात.

लहान नाणे

विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी महाराष्ट्रात पैसा फंडाची चळवळ उभी केली. प्रत्येकाने देशी उद्योगासाठी वर्षाकाठी एक पैसा द्यावा, एवढेच मागणे. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला बळ दिले, स्वयंसेवक गावोगाव फिरले आणि साचलेल्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. त्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी, १८४३ साली, फ्रान्समधील नान्सीचे बिशप शार्ल द फोर्बें-जान्सों यांनी पवित्र बालपणाची संघटना सुरू केली. मुलांनीच मुलांना मदत करावी, महिन्याला एक लहानसे नाणे द्यावे आणि रोज एक छोटी प्रार्थना करावी, असा तिचा नेम. एक चळवळ स्वदेशीची, दुसरी श्रद्धेची. पण दोन्हींच्या मुळाशी एकच जाण आहे. लहान नाणे मागितले की कुणालाही वगळावे लागत नाही. हजार रुपये मागितले तर गावातली शंभर घरे बाजूला पडतात. एक रुपया मागितला तर एकही घर बाजूला पडत नाही.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून लोकांचे दान पाहतो. श्रीमंत पुष्कळ टाकतात. एक गरीब विधवा दोन क्षुल्लक नाणी टाकते, आणि तिनेच सर्वांहून अधिक टाकले असा निर्वाळा प्रभू देतो, कारण इतरांनी उरल्यातले दिले आणि तिने उपजीविकाच दिली. हा उतारा आपण मिस्सामध्ये वर्षानुवर्षे ऐकतो. पण ज्याने स्वतः डबा धरला आहे त्यालाच तो समजतो. निधी गोळा करून परतलेल्या मुलांना विचारावे, सर्वांत सहज कुणी दिले? उत्तर पुष्कळदा अनपेक्षित असते. ज्या दाराकडून मोठी अपेक्षा होती तेथून "नंतर या" एवढेच मिळालेले असते, आणि ज्या दाराशी थांबावे की नाही असा संकोच वाटला होता तेथून मात्र रिकाम्या हाताने परतावे लागलेले नसते.

येथेच एक सावधगिरीची सूचना करणे आम्हांला आवश्यक वाटते. न देणाऱ्याचा न्याय करण्याची मुलांना मोठी घाई असते. "एवढा बंगला, आणि दहा रुपये निघाले नाहीत," असे ती परत येताना बोलतात. त्या बंगल्यावर कर्जाचा बोजा आहे की आतल्या खोलीत कुणी अंथरुणाला खिळले आहे, हे दारातून दिसत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला जो महापूर आला, त्या वेळी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. नदीकाठच्या गावांत त्या आठवड्यात जी कुटुंबे निवाऱ्यात येऊन पंक्तीला बसली, त्यांतली कित्येक त्याआधी दुसऱ्यांच्या संकटात धान्याचे पोते देणारी होती. देणाऱ्याचे घेणारे व्हायला एक रात्र पुरते. हे ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिले, तो मिळालेल्या नकाराने चिडत नाही आणि मिळालेल्या दानाने फुगत नाही. नकार शांतपणे ऐकून घेणे आणि नमस्कार करून पुढच्या दाराकडे वळणे, ही आमच्या मते या कामातली पहिली आध्यात्मिक साधना होय.

संत पौलाचा हिशेब

निधिसंकलन ही आधुनिक गोष्ट आहे असे कुणाला वाटत असेल, तर त्याने संत पौलाची करिंथकरांस लिहिलेली दोन पत्रे उघडावीत. यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी पौल दूरदूरच्या मंडळ्यांतून मदत गोळा करीत होता. पहिल्या पत्राच्या अखेरच्या अध्यायात तो सांगतो, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे. मी आल्यावर धावपळ नको. दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत तो मासेदोनियातील मंडळ्यांचे उदाहरण देतो. त्या स्वतः दारिद्र्यात असून आम्हांलाही वाटा उचलू द्या अशी विनवणी करीत होत्या. द्यावे ते मनापासून, कुरकुरत किंवा दडपणाखाली नव्हे, असेही तो बजावतो.

पण त्याच पत्रातली एक गोष्ट आपण फारशी वाचत नाही. एवढी मोठी रक्कम आपल्या हातून जाणार, तेव्हा कुणालाही बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून पौल तीताबरोबर आणखी दोन विश्वासू बंधूंना पाठवतो. आपला व्यवहार देवासमोर स्वच्छ असला म्हणजे झाले, असे तो म्हणत नाही. तो माणसांसमोरही स्वच्छ दिसला पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. प्रेषिताला ज्याची गरज वाटली, त्याची गरज आपल्या युवक मंडळाला का वाटू नये?

डब्याला मोहर लावणे, प्रत्येक रकमेची पावती फाडणे, दोघांनी मिळून पैसे मोजणे, मोजलेला आकडा त्याच दिवशी वहीत उतरवणे, खर्च वजा जाता किती उरले ते फलकावर लावणे: ही कामे कंटाळवाणी आहेत. परंतु आमचे स्पष्ट मत आहे की निधिसंकलनातले खरे नैतिक शिक्षण या कंटाळवाण्या कामांतच होते. दहा-वीस रुपयांच्या चिल्लरीशी जो विद्यार्थी प्रामाणिक राहतो, त्याच्या हाती उद्या पतपेढी, सोसायटी किंवा ग्रामपंचायत निर्धास्तपणे देता येते. आनंदमेळ्यात ज्या मुलांनी भेळ विकली, त्यांनी आधी कुरमुरे, फरसाण आणि मंडप यांचा खर्च वजा करायला शिकावे. गल्ल्यातली सगळी रक्कम म्हणजे मदत नव्हे. आता पुष्कळ ठिकाणी डब्याऐवजी क्यूआर कोडचा फलक असतो. सोय मोठी आहे. पण तो कोड कोणाच्या खात्याचा आहे, हे विचारण्याचा हक्क देणाऱ्याला आहे आणि त्याचे उत्तर देता येणे हे मुलांचे कर्तव्य आहे. शक्यतो ते खाते नोंदणीकृत संस्थेचे असावे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने महाराष्ट्रातील विश्वस्त संस्थांवर हिशेब ठेवण्याचे व तो तपासून घेण्याचे बंधन घातले आहे, त्यामागे हाच विचार आहे.

आष्ट्यासारख्या ठिकाणी ही स्वच्छता आणखी मोलाची ठरते. जैन दुकानदाराने, मुसलमान फळवाल्याने, हिंदू शेतकऱ्याने पूरग्रस्तांसाठी म्हणून दिलेला रुपया पूरग्रस्तांकडेच गेला पाहिजे. तो चर्चच्या रंगरंगोटीत मुरता कामा नये, आणि मदत देताना धर्म विचारला जाता कामा नये. पेठेतल्या माणसाने ख्रिस्ती मुलाच्या डब्यात डोळे मिटून पैसे टाकावेत, असा विश्वास कमावण्यास एक पिढी लागते आणि गमावण्यास एक दिवस. दयाळू शोमरोनीच्या दाखल्यात जखमी माणसाला मदत करणारा परधर्मी ठरतो. आपली मुले या गावात डबा घेऊन फिरतात तेव्हा ती दाखल्यातला दुसरा अर्थ अनुभवतात: शेजारी कोण, याचे उत्तर त्यांना पैसे देणाऱ्या हातांतून मिळते.

गरीब हा धडा आहे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आतापर्यंत आम्ही नम्रता, न्याय करण्यात संयम, हिशेबातील सचोटी, शेजारधर्म असे अनेक लाभ सांगितले. ते सारे विद्यार्थ्यांचे लाभ आहेत. म्हणजे आक्षेप अजून तसाच उभा आहे.

या आक्षेपाला जोर येण्याची कारणे आपणच निर्माण केली आहेत. सर्वाधिक रक्कम आणणाऱ्यास बक्षीस ठेवले की एखाद्या धनिकाचा मुलगा वडिलांच्या एका धनादेशाने पहिला येतो, आणि दिवसभर उन्हात फिरून तीनशे रुपये आणणारी मुलगी टाळ्या वाजवत बसते. अर्जाला जोडायला प्रमाणपत्र हवे म्हणून मुले नाव नोंदवतात आणि प्रमाणपत्र हाती पडताच दिसेनाशी होतात. मदत घेणाऱ्या वृद्धेला मध्ये उभे करून छायाचित्र काढले जाते व ते सर्वत्र पाठवले जाते. तिची परवानगी कुणी विचारत नाही. दान करताना कर्णा वाजवू नका, उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नका, अशी जी शिकवण मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभूने दिली आहे, तिचा असा रोज भंग होत असतो आणि आपण त्याला प्रसिद्धी म्हणतो.

तरीही लाभ होतो म्हणून काम दूषित होते, असे आम्हांला वाटत नाही. वारकरी आळंदीहून पंढरपूरला चालत जातो. त्याच्या पायांत बळ येते, त्याला माणसे भेटतात, दोन घास वाटून खाण्याची सवय लागते. हे सर्व लाभच आहेत. पण तो व्यायामासाठी निघालेला नसतो, आणि व्यायामासाठी जो निघाला त्याला वारकरी म्हणत नाहीत. लाभ हे फळ असेल तर ते गोड आहे. तेच ध्येय झाले की कामाची दिशा बदलते. ओळखायची खूण साधी आहे. प्रमाणपत्र नसते, नाव छापले जाणार नसते, तर हे काम आपण केले असते काय? आणि ज्याच्यासाठी केले त्याची गरज अजून उरली असताना, आपला धडा शिकून झाला म्हणून आपण थांबलो काय?

यावर कुणी म्हणेल, पंधरा वर्षांच्या मुलाकडून एवढ्या शुद्ध हेतूची अपेक्षा कशी करावी? तो मित्रांच्या संगतीसाठी येतो, तासिका चुकवण्यासाठी येतो. हा प्रतिवाद आम्हांला मान्य आहे. हेतू शुद्ध झाल्यावर काम सुरू करायचे ठरवले, तर जगात कुठलेच सत्कार्य सुरू होणार नाही. प्रभूने सांगितलेल्या दोन मुलांच्या दाखल्यात, मळ्यात जाणार नाही म्हणणारा मुलगा नंतर पस्तावून कामाला गेला आणि जातो म्हणणारा गेलाच नाही. बापाची इच्छा पहिल्यानेच पाळली. हेतू काम करता करताच निवळतो. मात्र तो निवळायला एक अट आहे: ज्याच्यासाठी काम केले, त्याची भेट झाली पाहिजे.

ही अट पूर्वीच एका विद्यार्थ्याने ओळखली होती. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी वादसभांमध्ये ख्रिस्तसभेची बाजू मांडत असे. तुमची ख्रिस्तसभा आज गरिबांसाठी काय करते, असा टोमणा त्याला मारण्यात आला. त्याने वादात उत्तर दिले नाही. काही सोबती गोळा केले आणि एमान्युएल बायी या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या आधाराने सेंट विन्सेंट दि पॉल सोसायटीचा पाया घातला. गरीब वस्तीत काम करणाऱ्या धर्मभगिनी रोझाली रांदू यांनी या तरुणांना वाट दाखवली. आपल्या अनेक धर्मग्रामांत आज कार्यरत असलेली ही सोसायटी मुळात मूठभर विद्यार्थ्यांची होती. त्यांचा नियम असा, की मदत पाठवून द्यायची नाही. ती घेऊन स्वतः त्या घरी जायचे, बसायचे, बोलायचे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओझानाम यांना २२ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमध्येच, जागतिक युवा दिनाच्या मेळाव्याच्या वेळी, धन्यवादित घोषित केले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००५ च्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात हाच विचार मांडला आहे: दानाने घेणाऱ्याचा अपमान होऊ नये असे वाटत असेल, तर वस्तूबरोबर स्वतःलाही द्यावे लागते.

घरी जाऊन बसले की प्रश्न सुचू लागतात, आणि प्रश्न सुचले की दया न्यायाकडे वळते. आष्ट्याच्या शिवारात दरवर्षी गळीत हंगामाला बीडसारख्या दुष्काळी भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. रानाच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या थंडीत आईबाप फडात उतरतात आणि शाळेच्या वयाची मुले पाठच्या भावंडांना सांभाळत बसतात. दूरच्या कुठल्या तरी अनाथालयासाठी निधी गोळा करणारा आपला विद्यार्थी या कोप्यांवरून रोज सायकलने जातो. त्याने तेथे एकदा थांबावे. जुने स्वेटर द्यावेत, जरूर द्यावेत. पण ही मुले सहा महिने शाळेबाहेर का असतात, ज्या साखरेने आमच्या घरात बरकत आली तिच्यात यांचा वाटा किती, हेही त्याने विचारावे. उत्तर त्याला लगेच सापडणार नाही. परंतु ज्याला हा प्रश्न पडला, त्याच्या दृष्टीने गरीब हा यापुढे धडा राहत नाही. तो शेजारी होतो, आणि शेजाऱ्याचे आपल्यावर ऋण असते. "मी किती चांगला" हे शिकून जो परतला त्याने गरिबाचा उपयोग करून घेतला. "मी किती देणेकरी" हे शिकून जो परतला त्याने तसे केले नाही. आमच्या प्रश्नाचे आम्हांला सापडलेले उत्तर एवढेच आहे.

घरी काय करावे?

विचार आचारात उतरला नाही तर तो वांझ राहतो, म्हणून चार गोष्टी सुचवून थांबतो.

एक, मुलाने दुसऱ्याकडे मागण्यापूर्वी आपल्या खाऊच्या पैशांतून काहीतरी डब्यात टाकावे. वडिलांनी दिलेली नोट टाकणे हे मुलाचे दान नव्हे. त्याने स्वतः काही सोडले पाहिजे. दोन, सर्वाधिक रकमेचे बक्षीस बंद करावे. कौतुक करायचेच असेल तर ज्या गटाचा हिशेब पैशापैशाने जुळला, त्या गटाचे करावे. तीन, मुलांना एकट्यादुकट्याने पाठवू नये. जोडीने पाठवावे, बरोबर कुणी मोठे माणूस असावे, आणि नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नये अशी सक्त ताकीद द्यावी. चार, गोळा झालेली मदत ज्यांना द्यायची त्यांच्याकडे मुलांना घेऊन जावे. तेथे भाषणे नकोत, छायाचित्रे नकोत. तासभर बसावे, त्यांनी दिलेला चहा घ्यावा. ज्याला आपण काही दिले त्याच्या हातचा चहा घेता येणे, हीसुद्धा शिकण्याचीच गोष्ट आहे.

आणि आईवडिलांनी घरी एक डबा ठेवावा. रोजच्या स्वयंपाकाला तांदूळ किंवा ज्वारी काढताना एक मूठ त्यात टाकावी. येत्या प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस हा नेम पाळला, तर पुनरुत्थानाच्या सणाला एखाद्या कुटुंबाला काही दिवस पुरेल इतके धान्य जमा होईल. ते कोणाकडे पोहोचवायचे, हे मुलांना ठरवू द्यावे. कोण गरजू आहे हे शोधण्यासाठी त्यांना आधी आपल्याच गल्लीकडे, आपल्याच शिवाराकडे नीट पाहावे लागेल.